गुणांच्या यादीत पास, रक्ताच्या चाचणीत नापास



आपली मुलं परदेशी जाऊ लागली आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीच्या ७५ जागांसाठी आपल्याच पोरापोरींत चुरस असते. कुणी शिकायला जातो, कुणी नर्सिंग करून, कुणी इंजिनिअर होऊन थेट नोकरीसाठी जातो. ‘स्किल्ड वर्कर’, म्हणजे कुशल कामगार, या वाटेने ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंडला कायमचं वास्तव्य मिळवायचं हे स्वप्न आता नागपूर-भंडारा-चंद्रपूरच्या वस्त्यांतही पोचलं आहे. वयाचे गुण, पदवीचे गुण, इंग्रजीचे गुण, अनुभवाचे गुण. सगळ्यांची बेरीज करा, पुरेशी झाली की अर्ज पुढे. इथे आडनाव कुणी विचारत नाही, म्हणून आपल्या तरुणांना ही पद्धत आवडते. आवडायलाच हवी.

पण त्याच अर्जात एक पान वैद्यकीय तपासणीचं असतं, आणि त्या पानावर आपल्या समाजात फारसं कुणी बोलत नाही. आम्ही बोलणार आहोत, कारण सिकलसेल घेऊन जन्मलेल्या आपल्या पोरांची वाट तिथेच अडते.

हा आजार आपल्याकडे कसा आला

आधी एक गैरसमज मोडून काढू. सिकलसेल हा ‘जातीचा आजार’ नाही. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकातला हा एक बदल आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच तो आला तर माणूस वाहक असतो, म्हणजे ‘एएस’, आणि तो निरोगी आयुष्य जगतो. दोघांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदनेचे झटके येतात. त्यालाच आपण क्रायसिस म्हणतो. वाहक असण्यामुळे मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. म्हणूनच जिथे शेकडो वर्षं मलेरिया होता, त्या आफ्रिकेत, अरबस्तानात आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून राहिलं.

मग ते विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार समाजात, गोंड-माडिया-परधानांत, तिकडे नंदुरबारला भिल्ल-पावरांत इतकं एकवटलेलं का? कुणबी-तेली समाजातही ते आढळतं, मग सगळीकडे सारखं का पसरलं नाही? याचं निम्मं उत्तर मलेरियात आहे. उरलेलं निम्मं बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आहे. जातीचं सार सजातीय विवाहात आहे, असं त्यांनी तिथे मांडलं. लग्नाच्या भिंती बांधल्या की जनुकंही भिंतीच्या आतच फिरत राहतात. वाहकाशी वाहकाचं लग्न होण्याची शक्यता वाढते, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे जनुक निसर्गाने दिलं, पण त्याला कोंडून ठेवलं जातीव्यवस्थेने. ज्यांना ‘तुमच्या रक्तातच दोष’ असं म्हणायची सवय आहे, त्यांनी आधी ती भिंत कुणी बांधली याचा हिशेब द्यावा.

तीन देश, तीन आकडे

आता परदेशाकडे वळू. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात ‘अतिरिक्त भार’ नावाचं कलम आहे. तुमच्या आजारामुळे तिथल्या आरोग्य आणि समाजसेवांवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च पडेल असं वाटलं, तर अर्ज नाकारता येतो. २०१७ मध्ये ही मर्यादा वर्षाला ६,६५५ डॉलर होती. २०१८ मध्ये सरकारने ती तिपटीने वाढवून १९,९६५ डॉलर केली. ती पुढेही दरवर्षी वाढत गेली.

ऑस्ट्रेलियात ही मर्यादा ५१,००० डॉलर होती. १ जुलै २०२४ पासून ती ८६,००० झाली. पण आजार कायमचा असेल तर खर्च दहा वर्षांपर्यंतचा मोजतात. म्हणजे वर्षाला सरासरी ८,६०० डॉलर. न्यूझीलंडने २०२२ मध्ये आपली मर्यादा ४१,००० वरून ८१,००० डॉलर केली, ती पाच वर्षांसाठी. शिवाय तिथल्या नियमावलीत, ज्यांचा खर्च मोठाच असणार असं गृहीत धरलं जातं, अशा आजारांची यादी आहे. थॅलेसेमिया मेजर त्यात आहे, तीव्र हिमोफिलिया आहे, आणि चार वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा क्रायसिस आलेला सिकलसेल अ‍ॅनिमियाही आहे.

चलनं वेगळी आहेत हे मान्य. तरी हे आकडे शेजारी ठेवून पाहा. माणूस तोच, रक्त तेच, गोळ्या त्याच. एका देशात तो चालतो, दुसऱ्यात ‘बोजा’ होतो. आणि त्याच कॅनडात २०१७ साली जो नको होता, तो २०१८ साली चालू लागला. मधल्या काळात त्याच्या रक्तात काही बदललं का? बदललं ते सरकारचं मत. म्हणजे ही मर्यादा वैद्यकशास्त्राने ठरवलेली नाही, राजकारणाने ठरवलेली आहे. जे राजकारणाने ठरतं ते राजकारणाने बदलताही येतं. कॅनडात अपंगांच्या आणि स्थलांतरितांच्या संघटनांनी रेटा लावला. संसदेच्या समितीने डिसेंबर २०१७ मध्ये हे कलमच रद्द करा अशी शिफारस केली, आणि त्यानंतर सरकारला निदान तिपटीपर्यंत तरी यावं लागलं. न्यूझीलंडच्या यादीतून २०२१ मध्ये एचआयव्ही वगळला गेला. या याद्या कुणी दगडावर कोरलेल्या नाहीत.

माणूस पाहायचा की आजाराचं नाव?

यातला खरा प्रश्न पैशाचा नाहीच. एखाद्याला त्याच्या समूहाच्या नावावरून मोजायचं की त्याच्या स्वतःच्या आयुष्यावरून, हा प्रश्न आहे. आंबेडकरी माणसाला तो नवा नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हिलेविट्झ खटल्यात सांगितलं की अर्जदाराची परिस्थिती प्रत्यक्ष तपासा. आजाराचं नाव वाचून शेरा मारू नका. या माणसाला, या कुटुंबाला, खरोखर किती सेवा लागतील ते पाहा. ऑस्ट्रेलियाचा नियम याच्या अगदी उलट बोलतो. ती सेवा तुम्ही प्रत्यक्षात घ्याल की नाही याला तिथे महत्त्व नाही. तुमच्यासारखाच आजार असलेल्या एका काल्पनिक माणसाला किती खर्च येईल, तेवढंच मोजायचं. हाडामांसाचा माणूस समोर उभा असताना त्याच्या जागी एक काल्पनिक माणूस उभा करायचा आणि त्याची शिक्षा याला द्यायची! आपल्या आजोबांना हा न्याय माहीत होता. तेव्हाही त्यांनी काय केलं हे कुणी पाहत नव्हतं, ते कोण आहेत हेच पाहिलं जात होतं.

सिकलसेलच्या बाबतीत तर हा अन्याय दुप्पट आहे, कारण हा आजार दोन माणसांत सारखा नसतो. एखाद्याला वर्षात चार वेळा भरती व्हावं लागतं, एखादा नियमित हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड घेऊन वर्षानुवर्षं नोकरी करतो. भारतात आढळणाऱ्या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे अनेकांचा आजार तुलनेने सौम्य असतो. सगळ्यांचा नाही. विदर्भात तीव्र आजाराने गेलेली लेकरं आपण पाहिली आहेत. म्हणून तर म्हणतो, एकेक माणूस तपासा. हायड्रॉक्सीयुरिया जुनं आणि स्वस्त औषध आहे. दुसऱ्या टोकाला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली जनुक उपचारपद्धती आहे. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर. एकाच आजाराच्या खर्चात एवढी दरी असेल, तर फक्त ‘सिकलसेल’ हा शब्द वाचून केलेल्या हिशेबाला अर्थ काय?

आणखी एक गोष्ट पाहा. ऑस्ट्रेलियात नोकरी देणाऱ्या कंपनीने प्रायोजित केलेल्या काही व्हिसांमध्ये आरोग्याच्या अटीतून सूट मागता येते. पण स्वतःच्या गुणांवर मिळणाऱ्या १८९ आणि १९० क्रमांकाच्या व्हिसांत ती सूट नाही. मालक पाठीशी असेल तर विचार होतो, नुसती गुणवत्ता असेल तर नाही. वर घरातल्या एकाचा अहवाल बिघडला तर अख्खं कुटुंब नापास! बाप इंजिनिअर, आई शिक्षिका, दोघेही निरोगी वाहक, आणि सहा वर्षांचं लेकरू ‘एसएस’. त्या लेकरामुळे तिघांचाही अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियाचा अपंगत्व भेदभावविरोधी कायदा १९९२ चा आहे, पण त्याच कायद्याने इमिग्रेशनला आपल्या कक्षेतून बाहेर ठेवलं आहे. समतेचा कायदा आहे, फक्त वेशीच्या आतल्यांसाठी. वेस म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

‘त्यांच्या करदात्यांनी का भरायचं?’

हा प्रश्न आपल्यातलेच काही शिकलेले लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, उत्तर द्यायला हवं.

पहिली गोष्ट, कुशल कामगार तिथे फुकट खायला जात नाही. तो पहिल्या पगारापासून कर भरतो. त्याच्या जन्मापासून पदवीपर्यंतचा खर्च कुणी केला? विदर्भातल्या मजूर आईबापांनी, इथल्या सरकारी शाळा-कॉलेजांनी आणि शिष्यवृत्तीने. तयार माणूस आयता घेणाऱ्या देशाने त्या माणसाच्या खर्चाचा रकाना मांडायचा आणि आपल्या फायद्याचा रकाना कोरा सोडायचा, याला हिशेब म्हणत नाहीत. ‘अतिरिक्त भार’ मोजताना त्याने भरलेला कर आणि केलेलं काम वजा होत नाही. नर्स रुग्णालयात किती जीव वाचवेल हे त्या रकान्यात येत नाही, तिला स्वतःला किती वेळा सलाईन लागेल तेवढंच येतं.

दुसरी गोष्ट, दुसरा मार्ग अस्तित्वात आहे. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला अशी खर्चाची मर्यादा नाही. तिथे सगळ्यांकडून आरोग्य अधिभार घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि आरोग्य-सेवा क्षेत्राच्या व्हिसावर जाणाऱ्यांना माफ आहे. रक्कम जबर आहे, त्यावर टीका करायलाच हवी. पण निदान तिथे तुमचं रक्त पाहून दार लावत नाहीत. आणि त्याच देशात जन्मणाऱ्या बाळांची सिकलसेल चाचणी सरकारी यंत्रणेमार्फत नेमाने होते.

‘बोजा’ ही भाषा जुनी आहे. १८८२ च्या अमेरिकी कायद्यात ‘सार्वजनिक बोजा’ होऊ शकणाऱ्या माणसाला बंदरावरूनच परत पाठवायची तरतूद होती. पुढे एलिस बेटावर डॉक्टर येणाऱ्यांच्या कपड्यांवर खडूने अक्षरं लिहीत. हृदयविकाराचा संशय असला तर एक अक्षर, लंगडत असला तर दुसरं. आता खडू गेला, संगणकात कोड आला.

आणि ज्या आजाराला आज इतकं घाबरतात, त्याची पाश्चात्त्य वैद्यकशास्त्रात पहिली नोंद कुणामुळे झाली? १९०४ मध्ये ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यक शिकायला गेलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यामुळे. १९१० मध्ये डॉ. हेरिक यांनी त्याच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणजे सिकलसेलचा तो पहिला नोंदलेला रुग्ण परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी होता. तो शिकला, दंतवैद्य झाला, मायदेशी परतून त्याने व्यवसाय केला. त्याला दारातच परत पाठवलं असतं, तर नुकसान एकट्या नोएलचंच झालं असतं का?

आपला देश कुठे धुतल्या तांदळासारखा आहे?

परदेशावर टीका करून थांबलो तर ती अर्धी लबाडी होईल. आपला तरुण बाहेर का पळतो, तेही विचारा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाला अपंगत्वाच्या यादीत घेतलं. टाळ्या वाजल्या. मग कलम ३२ आणि कलम ३४ एकापाठोपाठ वाचा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आहे, त्यात रक्ताचे आजार येतात. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यात मात्र रक्ताचे आजार नाहीत! शिकायला या, नोकरी मागू नका. जो देश आपल्या सिकलसेलग्रस्त पदवीधराला स्वतःच्या नोकरीत जागा राखत नाही, तो ऑस्ट्रेलियाला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच या आजारावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत लिहिलं होतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोलला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट ठेवलं. अभियानाचं आम्ही स्वागतच करतो, आदिवासी बांधवांना त्याची नितांत गरज आहे. पण त्याची सगळी मांडणी आदिवासीबहुल भागांभोवती आहे. नागपूरच्या झोपडपट्टीतला, भंडाऱ्याच्या बौद्ध वाड्यातला ‘एसएस’ रुग्ण या मांडणीत कुठे बसतो? हा आजार जनगणनेचा रकाना पाहून येत नाही. आदिवासी आणि बौद्ध रुग्णांनी ही मागणी एकत्र केली पाहिजे, एकमेकांच्या वाट्याकडे पाहत बसू नये.

आणि आपलं घर?

आता थोडं आपल्याच लोकांना. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथे सिकलसेलचं कार्ड कपाटात सगळ्यात खाली, जुन्या साड्यांच्या घडीत ठेवलेलं असतं. लग्न जुळेपर्यंत काढायचं नाही. नर्सिंग झालेली एक मुलगी आमच्याकडे आली होती. एजंटने तिला सांगितलं होतं, ‘फॉर्मवर काहीच लिहू नको, दिसायला तर तू ठणठणीत आहेस.’ घरच्यांनाही तेच पटलं होतं. तिला पटत नव्हतं, आणि तिचं बरोबर होतं.

लपवणं हा मार्ग नाही, आणि हे आम्ही केवळ नीतीचा पाठ म्हणून सांगत नाही. कॅनडात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही, ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षं. आजारामुळे आलेल्या नकाराशी भांडता येतं, खोटेपणामुळे आलेल्या नकाराशी भांडणं फार कठीण. आणि परक्या गावात, थंडीत, क्रायसिस आला आणि डॉक्टरला काही माहीत नसलं, तर एजंट येणार आहे का सलाईन लावायला?

म्हणून तरुणांनो, अर्ज करण्याआधी ही तयारी करा. एचपीएलसी चाचणीचा पक्का अहवाल घ्या. ‘वाहक’ आणि ‘ग्रस्त’ यांत घोळ ठेवू नका, कारण वाहकाला आजार नसतो. औषधोपचाराचे, भरती झाल्याचे आणि न झाल्याचेही सगळे कागद वर्षवार लावा. रक्तविकार तज्ज्ञाकडून तुमची आत्ताची प्रकृती आणि लागणारी औषधं याबद्दल स्पष्ट पत्र घ्या. त्या देशात त्याच औषधांचा वर्षाला किती खर्च येतो ते आधी काढा. शंका घेणारं पत्र आलं तर घाबरून गप्प बसू नका. कॅनडासारख्या ठिकाणी ती उत्तर देण्याची संधी असते, मुदतीत उत्तर द्या. कोणत्या व्हिसात सूट मागता येते ते अर्ज भरण्याआधी विचारा. परवानाधारक सल्लागाराकडेच जा.

पण हे एकेकट्याने करायचं काम नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने स्वतःची सिकलसेल तपासणी मोहीम सुरू केली. सरकार करत नाही तर आम्ही करू, असं म्हणून त्यांनी वस्त्यांत मोफत चाचण्या घेतल्या. मे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारला सिकलसेलसाठी कायदा करावा लागला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांच्याकडून नाव घेतलं, बाणा घेतला. त्यांच्या कामातला हा धडा मात्र घ्यायचा राहून गेला. त्यांचा लढा तिथे संपला नाही हेही लक्षात ठेवा. निरोगी वाहकांनाही अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे १९८१ पर्यंत बंद होते. ते भांडले तेव्हा उघडले.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कलम ३४ मध्ये रक्ताच्या आजारांचा समावेश करा. सिकलसेल अभियानात अनुसूचित जाती आणि बौद्ध वस्त्यांना नावानिशी जागा द्या. परदेशी शिष्यवृत्ती देणाऱ्या सामाजिक न्याय विभागाने निवड झालेल्या सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्यांना वैद्यकीय कागद आणि विमा यासाठी मार्गदर्शन द्यावं. परदेशातल्या आंबेडकरी संघटना जातीभेदाविरुद्ध कायदे मागत आहेत, ते योग्यच आहे. त्यांनी त्याच दमात या आरोग्य अटींविरुद्धही तिथल्या अपंग संघटनांच्या बाजूने उभं राहावं. आणि आपण आपल्या घरातलं ते कार्ड साडीच्या घडीतून बाहेर काढावं.

जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून माणसाची किंमत ठरवायची नाही, हे आपण या देशाला शिकवलं. तेच आता जगाच्या इमिग्रेशन खिडकीसमोर उभं राहून सांगायचं आहे, आणि सांगताना आवाज खाली घ्यायचा नाही.

जय भीम!